कव्वालानं ती ओळ का सोडली नाही?

पखवाजी_बार्शी

राम कृष्ण हरी मंडळी. बार्शी तालुक्यातला आहे. तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. प्रश्न कव्वालीचा आहे, पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

माझे थोरले भाऊ आमच्या दिंडीचे वीणेकरी. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. तेव्हापासून भजनाला बसतो, हात चालतो, ठेका सुटत नाही. आतून मात्र काही येत नाही. समोर माणसं नाचत असतात आणि मी पखवाजाची कणीक सुकली का ते चाचपत बसतो.

मुलगी दिल्लीला नर्स आहे. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. गुरुवारी संध्याकाळी ती मला हजरत निजामुद्दीनच्या दर्ग्यात घेऊन गेली. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्यांची ताटं आणि चादरी. डोकं झाकायला माझी पांढरी टोपी होतीच. आधी अमीर खुसरोंच्या कबरीला हात जोडले, मग आत गेलो. संध्याकाळची नमाज झाली आणि कव्वाल मजारीकडे तोंड करून बसले. दोन पेट्या, एक ढोलक, मागं टाळ्या देणारी पोरं. सवयीनं माझं लक्ष ढोलकवाल्याच्या डाव्या हाताकडं. मनगट टेकवून असा घुमारा काढत होता की छातीत लागावा.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. एका ओळीला त्यांची मान खाली गेली आणि खांदे हलायला लागले. कव्वालानं ते पाहिलं. तो पुढच्या ओळीला निघाला होता, हात वर गेला होता. तो हात त्यानं तसाच खाली आणला आणि मागचीच ओळ परत धरली. परत. परत. दहा मिनिटं तरी. नजर त्या म्हाताऱ्यांवरून हलली नाही. ढोलकवाल्यानं लयही चढवली नाही. आमच्यात गजराला रंग आला की लय चढते, मीच चढवतो. इथं त्यानं ती धरून ठेवली. ते किती अवघड असतं ते वाजवणाऱ्यालाच कळेल. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, पिशवी सावरली, तेव्हा कुठं गाणं पुढं गेलं.

तोवर मीही रडत होतो. भाऊ गेल्यावर पहिल्यांदाच.

तर विचारायचं ते असं: कव्वाल त्या ओळीवर थांबला ही त्याची मर्जी, की तसा काही नेम असतो? मला शब्दांतला ‘मौला’ तेवढा कळला. मधे काही बोल तराण्यासारखे होते.

आणि आणखी एक. भावांची वीणा घरात खुंटीला टांगलेली आहे. मंडळी म्हणतात, आता तू घे. मी अजून तिला हात लावलेला नाही.

खुलताबादकर

पखवाजीबुवा, नेमच आहे.

श्रोत्याला एखाद्या ओळीवर ‘हाल’ आला, म्हणजे त्याचं भान हरपलं, तर कव्वालानं ती ओळ सोडायची नाही. तो माणूस परत भानावर येईपर्यंत तीच म्हणत राहायची. याला तकरार म्हणतात. आपण तक्रार म्हणतो तोच शब्द, इथं अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं.

यामागं एक गोष्ट सांगतात. दिल्लीतच, मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा आहे. निजामुद्दीन औलियांच्या गुरूंचे हे गुरू. 1235 साली समाच्या, म्हणजे सूफींच्या गाणं ऐकण्याच्या मैफलीत कव्वालांनी फारसीतला एक शेर म्हटला. शरणागतीच्या खंजिरानं जे मारले गेले, त्यांना घडोघडी अदृश्यातून नवा जीव मिळतो, असा त्याचा अर्थ. पहिल्या ओळीला ख्वाजासाहेबांचं भान जायचं, दुसरीला परत यायचं. असं काही दिवस चाललं आणि त्या अवस्थेतच ते गेले. गाणाऱ्याच्या हातात समोरच्याचा जीव असतो, ही समज कव्वाल घराण्यांत लहानपणापासून मुरवतात. म्हणून तुमच्या कव्वालानं वर गेलेला हात खाली आणला.

तुम्ही ऐकलंत ते बहुतेक ‘मन कुन्तो मौला’ असावं. ज्याचा मी मौला (स्वामी), त्याचा अली मौला, हे पैगंबरांचे हजरत अलींबद्दलचे उद्गार, मूळ अरबीतले. तराण्याचे बोल त्यातच गुंफलेले असतात. अशा उद्गारावर बांधलेल्या गाण्याला ‘कौल’ म्हणतात, आणि कव्वाली हा शब्द त्यातूनच आला. आपण देवाला कौल लावतो ना, तो कौल हाच. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस दुसरा विचार केला नव्हता.

निजामुद्दीनांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब यांची कबर आमच्या खुलताबादला आहे. मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली त्या काळात ही मंडळी दख्खनेत आली. बुरहानुद्दीनांना समाची इतकी ओढ की त्यांच्या शिष्यांच्या डोलण्याची रीतच वेगळी ओळखली जायची. कधी या इकडं.

षड्ज_पुणे

मी गाणं शिकवते, म्हणून थोडं कारागिरीच्या बाजूनं लिहिते. खुलताबादकरांचं म्हणणं मला पटतं, तरी प्रत्येक पुनरावृत्ती म्हणजे हाल नव्हे. कधी कव्वाल श्रोते जमवत असतो, कधी नजराणा घेऊन कुणी पुढं येतो म्हणून ओळ लांबते. तो कव्वालांच्या पोटाचा भाग आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

पण तुम्ही लय धरून ठेवल्याचं लिहिलंत, ते फार नेमकं पाहिलंत. माणूस रडत असताना लय चढवली तर तो गर्दीत ओढला जातो, त्याचं रडणं अर्धंच राहतं. लय स्थिर ठेवली तर त्याला तेवढी जागा मिळते. ढोलकवाल्यालाही तो माणूस दिसला होता, एवढाच माझा निष्कर्ष.

म्हणूनच मोठ्या रंगमंचावरची कव्वाली मला अर्धी वाटते. उजेड गाणाऱ्यावर, श्रोते अंधारात. नुसरत फतेह अली खाँ 1985 साली इंग्लंडमध्ये एका मोठ्या महोत्सवात गायले. समोरच्या बहुतेकांना भाषा कळत नव्हती, तरी लोक हलले. ती ताकद आवाजाची आणि लयीची, आणि ती मी मान्य करते. पण पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एकाच माणसासाठी दहा मिनिटं थांबणं हे वेगळं आहे. ते अंगणातच होतं.

पखवाजी_बार्शी

दोघांचे उपकार. ‘कौल’ वाचून घरात सगळ्यांना सांगितलं.

एक मनात आलं. आमच्या अखंड सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभा असतो. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात. पहाटे तीनला मंडपात कुत्रंसुद्धा नसतं, तरी वीणेकरी उभा. लहानपणी मी भावांना विचारलं होतं, ऐकायला कुणी नाही, मग थोडं बसलं तर काय बिघडलं? ते म्हणाले होते, “कोण कधी येईल सांगता येत नाही. आला तर त्याला बंद पडलेलं दिसू नये.”

दर्ग्यातून परत येताना रिक्षात मला हेच आठवत होतं.

जवारी_मिरज

पखवाजीदादा, आमचं घर तंतुवाद्यांच्या कामात आहे. मी वीणेपुरतं बोलतो.

वर्षभर टांगलेली असेल तर एकदम तारा ताणू नका. आधी तिला आडवी करून मऊ कापडानं पुसा. भोपळ्यावरून अंगठा फिरवत जा. केसाएवढी चीर असेल तर तिथं नख अडकतं. दांडीचा जोड बघा. खुंट्या हिवाळ्यात ढिल्या पडतात, पावसाळ्यात आवळतात, तेव्हा जोर करू नका. तार अर्ध्या सुरापर्यंत चढवा आणि एक रात्र तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण लावा.

मग घोडी, म्हणजे तारा ज्यावरून जातात ती पट्टी, बघा. तार जिथं टेकते तिथं वर्षानुवर्षांच्या छेडण्यानं बारीक चरा पडलेला असतो, आणि आवाज बसका येतो. जवारी काढायची म्हणजे तो माथा कानसून परत असा उतरता करायचा की तार नुसती टेकून न राहता घोडीला घासत थरथरेल. मग तारेखाली दोरा सरकवायचा. केसभर पुढं नेला तर आवाज मुका, केसभर मागं तर नुसता खरखराट. मधे एक जागा असते, तिथं तार बोलायला लागते. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानानंच शोधायची. माझे आजोबा त्या वेळी घरातल्या कुणालाही बोलू द्यायचे नाहीत.

पण एक सांगू? भावांच्या बोटांनी पडलेला चरा एकदम कानसू नका. आधी तशीच लावून ऐका. नाहीच बोलली तर मिरजेला घेऊन या.

आलात तर मीरासाहेबांच्या दर्ग्यातही जाऊ. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तिथंच आहे. 1937 साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना बरं वाटेना म्हणून एका छोट्या स्टेशनवर उतरले, नमाज पढले, तानपुरा जुळवून दरबारी रागात प्रार्थना म्हटली आणि गेले, असं आमच्याकडं सांगतात. उरुसात त्यांच्या नावानं मोठमोठे गवई येऊन गाऊन जातात. तिकीट नाही, कुणीही येऊन बसावं.

पखवाजी_बार्शी

काल वीणा खाली काढली. भोपळा शाबूत आहे. घोडीवर चरा आहे, तुम्ही म्हणालात तसाच, मधल्या तारेखाली सगळ्यात खोल. तार अर्धी चढवून ठेवली होती, आज पूर्ण लावली. आवाज बसका आहे. मी कानसणार नाही.

एकादशीच्या जागराला पहाटे दोन ते चारचा पहारा मागून घेतला आहे.