मुलाला साखर, गूळ, फळं काहीच चालत नाही (एचएफआय), गणपतीत कसं निभवायचं?

देवगडची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा. मे महिन्यात मुंबईला त्याचं रक्त तपासून जेनेटिक रिपोर्ट आला, हेरेडिटरी फ्रुक्टोज इनटॉलरन्स. म्हणजे साखर, गूळ, मध, फळं, फळांचे रस सगळं जन्मभर बंद. डायबेटिस नाही हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक माणूस पहिलं तेच विचारतो.

सहा महिने अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत होता हो. मग उष्टावण केलं, मामाने चांदीच्या वाटीतून खीर भरवली, आणि तासाभरात भडाभडा उलट्या, घामाने झबलं ओलं, हातपाय गार आणि नुसता पेंगत पडलेला. दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. पुढे हे असंच चालू, ताप आला की सिरप द्यायचं आणि सिरप दिलं की उलटी, एका डॉक्टरांनी दूध पचत नाही म्हणून दूधच बंद केलं आणि दुसरी पावडर दिली, आता डबा बघितला तर त्यात साखर! पोट मोठं दिसायला लागलं, लिव्हर वाढलेलं निघालं, तेव्हा कुठे मुंबईला पाठवलं.

आणि तो स्वतः? दोन वर्षांचा झाल्यापासून गोड तोंडात घेतच नाही. हापूसची फोड पुढे केली की ओठ घट्ट मिटून मान फिरवतो. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो, एकदा तर मी नाक दाबून शिरा भरवलाय, ते आठवलं की आता झोप येत नाही.

आता मुद्दा असा की गणपती आलेत. आमच्याकडे सात दिवसांचा असतो, घरात पंचवीस माणसं, येणारा जाणारा प्रत्येक जण लहान मूल दिसलं की हातावर मोदक नाहीतर पंचखाद्य ठेवणार. सासूबाई म्हणतात "प्रसादाने कुणाला काही होत नाही, आणि आमच्याकडे असलं कुणाला नव्हतं". म्हणजे माझ्याकडून आलं असा अर्थ. दुसरं म्हणजे नारळ. डाएटिशियनने नारळ टाळा असं लिहून दिलंय, आता कोकणात नारळ टाळून रांधायचं तरी काय? आणि अंगणवाडीत काय सांगू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

रानमेवा_७७

ताई घाबरू नका, साखर हे केमिकलच आहे, ती कुणालाच चालत नाही. सेंद्रिय गूळ किंवा खडीसाखर देऊन बघा, थोडं थोडं देत गेलं की शरीराला सवय होते. आमच्या शेजारच्या मुलाला शेंगदाणे असेच सवयीने चालायला लागले.

गोळ्या_औषधं

वरचा सल्ला कृपया कुणीही पाळू नका. माझं चिपळूणला मेडिकल आहे, जरा नीट लिहितो.

साखरेचा एक कण म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. गूळ, काकवी, खडीसाखर, सेंद्रिय, देशी, काहीही म्हणा, आत तेच. फ्रुक्टोज मोडायला लिव्हरमध्ये आल्डोलेज बी नावाचं एन्झाइम लागतं, ते या मुलांमध्ये कामच करत नाही. मग फ्रुक्टोज अर्धवट मोडून लिव्हरच्या पेशीत अडकतं, अडकताना तिथलं फॉस्फेट धरून बसतं, पेशीची ताकद जाते आणि लिव्हरला साठवलेला ग्लुकोज रक्तात सोडता येत नाही. म्हणजे साखर खाऊन रक्तातली साखर उतरते! तो घाम, ते गार हातपाय, पेंगणं त्यातलंच. आणि थोडं थोडं रोज जात राहिलं तर उलटी होणार नाही कदाचित पण लिव्हर आणि किडनी आतून खराब होत राहतात. सवय वगैरे काही होत नाही, एन्झाइम सवयीने तयार होत नसतं.

सासूबाईंना सांगा की हे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही बिघडलेल्या जीन आल्या तरच होतं. एक एक असलेल्या आईबापाला काहीही त्रास नसतो, त्यामुळे घराण्यात पिढ्यान्पिढ्या कुणाला नव्हतं हे अगदी खरं असू शकतं आणि तरी जीन दोन्ही घरात असते. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात शक्यता २५ टक्के. दुसऱ्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, कारण त्या बाळाला मध चाटवायचा नाही, घुटीत गूळ नाही, आणि रोटाव्हायरसची जी तोंडातून देतात ती लससुद्धा विचारल्याशिवाय नाही, तिच्यात साखर असते.

आता माझ्या धंद्यातलं. मुलांच्या बहुतेक सिरपमध्ये साखर नाहीतर सॉर्बिटॉल असतं, आणि सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं. त्यामुळे "शुगर फ्री" लिहिलेलं सिरप, शुगर फ्री मिठाई, डायबेटिसवाल्यांची बिस्किटं ही तुमच्यासाठी जास्त फसवी, पाकिटावर आयएनएस ४२० दिसलं की ठेवून द्या. टूथपेस्टमध्येपण असतं, लहान पोरं गिळतात. तापाला डॉक्टरांना विचारून साधी गोळी वजनाप्रमाणे तुकडा करून कुस्करून द्यायची.

जुलाब झाले तर सरकारी दवाखान्यात मिळतं ते ग्लुकोजचं ओआरएस चालतं, घरचं साखरमिठाचं पाणी अजिबात नाही. आशाताई चांगल्या मनाने तेच सांगतील, त्यांना आत्ताच कल्पना देऊन ठेवा. सलाईन लावायची वेळ आली तर डेक्स्ट्रोज चालतं, ते ग्लुकोजच. फ्रुक्टोज किंवा सॉर्बिटॉल असलेलं काहीही शिरेतून गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून रिपोर्टची झेरॉक्स कायम पिशवीत.

संगमेश्वरी

मलापण आंबा खाल्ला की पोट फुगतं गॅस होतो, मला श्वासाची टेस्ट करायला सांगितली होती त्यात फ्रुक्टोज निघालं, तेच का हे? मी थोडा आंबा खाते तरी.

गोळ्या_औषधं

नाही ताई, तुमचं वेगळं. तुमच्या आतड्यात फ्रुक्टोज नीट शोषलं जात नाही, त्रास होतो पण लिव्हर खराब होत नाही, थोडंफार चालतं. एचएफआयवाल्याला तर ती टेस्ट करायचीच नसते, कारण त्यात फ्रुक्टोजचं पाणी प्यायला देतात. नावं सारखी असल्यामुळे लोक नेटवर एकाचं वाचून दुसऱ्याला सांगतात.

कलमवाला

देवगडची_सून, तुमचं पोरगं म्हणजे मीच, फक्त एक्केचाळीस वर्षांचा.

वेंगुर्ल्याजवळ आमची कलमं आहेत, दीडशेच्या वर, आणि मी आयुष्यात हापूस खाल्लेला नाही. गिऱ्हाईक विचारतं गोड आहे ना, मी देठाजवळ वास घेऊन सांगतो, आजवर तक्रार नाही. लहानपणी फार मार खाल्लाय यापायी. काकीने एकदा लग्नात जिलबी कोंबली तोंडात, मी मांडवातच ओकलो, तर म्हणे तमाशे करतो. मला नाव कळलं एकतिसाव्या वर्षी. लिव्हरवर चरबी निघाली, डॉक्टर म्हणाले दारू किती घेता, मी म्हटलं थेंब नाही, त्यांचा विश्वास बसेना. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं तुम्ही गोड का खात नाही, आणि मग जीनची तपासणी झाली. तिनेच सांगितलं की हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला १९५६ साली ब्रिटनमध्ये, चोवीस वर्षांच्या एका बाईवरून, ग्लुकोज तिला चालायचा पण फळं नि साखर खाल्ली की उलट्या आणि चक्कर. मी म्हटलं चला, एवढ्या लांब का होईना, जोडीदारीण होती.

तर पहिलं हे सांगायचंय की त्याला गोडाची जी किळस आहे ना ती घालवायला जाऊ नका. ग्लुकोजची खीर करून तरी गोड खाऊ दे बिचाऱ्याला असं तुम्हाला वाटेल, माझ्या आईला वाटायचं. ग्लुकोज चालतो हे खरं, पण गोड म्हणजे नको एवढं त्याच्या जिभेला पक्कं माहीत आहे, चार वर्षांच्या पोराला कुठलं गोड चालतं नि कुठलं नाही हे कसं कळणार. तो मान फिरवतो ना, फिरवू दे. तो तुमच्या सगळ्यांच्या आधी शहाणा झाला. नाक दाबून शिरा भरवल्याचं मनाला लावून घेऊ नका, माझ्या आईने दहा वर्षं भरवलाय.

नारळाचं. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साधारण सहा ग्रॅम साखर असते, शहाळ्याच्या पाण्यातही असते, काजूगरातही. मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो की नारळ मला चालतो, कारण उलटी होत नव्हती. मग वाटण बंद केलं आणि सहा महिन्यांनी लिव्हरचे रिपोर्ट उतरले. किती चालेल ते तुमची डाएटिशियन आकडा देईल, माझा आकडा तुमच्या पोराला लावू नका.

पण नारळाशिवाय कोकणात काय खायचं म्हणता, अहो आपल्या आज्या काय खायच्या? उकड्या तांदळाची पेज नि भाजलेला खारा बांगडा. बांगड्याचं तिखलं, तिरफळं आणि आमसूल घालून, त्यात नारळ लागतच नाही. घावणे, तांदळाची भाकरी, तूपमीठभात, दूध, साखर न घातलेलं दही, अंडी, मटण, तळलेली सुरमय तांदळाच्या पिठात घोळवून. माझा बटाटा सोलून उकडून पाणी फेकून असतो, पालेभाजीतला पालक चालतो, कांदा टोमॅटो गाजर बीट रताळं भोपळा नाही. बेकरीचा पाव घेताना विचारायचं, साखर घालतात. तयार चिवडा फरसाणात तर हटकून असते. फळं नाहीत म्हणजे व्हिटॅमिन सी बाहेरून घ्यावं लागतं, पण चघळायच्या नारिंगी गोळ्या नकोत, त्या गोड असतात.

एक फायदा सांगतो, माझा एकही दात किडलेला नाही.

देवगडची_सून

कलमवाला दादा, तुमचं वाचून रडले आणि शेवटच्या ओळीला हसले. याचेही दात मोत्यासारखे आहेत, मी माझ्या ब्रश करण्याचं कौतुक सांगत फिरत होते.

अंगणवाडीचं कुणी सांगेल का? सेविका बाई चांगल्या आहेत पण तिथे शिरा, लाडू असतोच, आणि पोरं एकमेकांचं खातात.

तळकोकण_मास्तर

मी शाळेत शिकवतो, एचएफआय नाही पण माझ्या वर्गात दुसऱ्या पथ्याची मुलगी होती. तोंडी सांगू नका, विसरतात आणि बदलीवर दुसरी बाई आली की संपलं. अर्ध्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: याला साखर, गूळ, मध, फळ, गोळी चॉकलेट देऊ नये, चुकून गेलं आणि उलटी, घाम, पेंग आली तर आधी या नंबरवर फोन करून दवाखान्यात न्यावे. भिंतीला लावा आणि एक त्याच्या दप्तरात. बाकी पोरांना सांगा की त्याला गोड दिलं तर तो आजारी पडतो, पोरं मोठ्यांपेक्षा चांगली राखण करतात. माझ्या वर्गात तिच्या डब्यावर चाळीस जणांचा पहारा असायचा.

वाढदिवसाला गोळ्या वाटतात त्याच्यासाठी बाईंकडे खोडरबर, स्टिकर असं काहीतरी आधीच देऊन ठेवा.

माजघर

बाय गे, इतकी काय काळजी करतंस? मोदकाची उकड काढशीत तेव्हा त्यातलोच एक मोठो गोळो आधी बाजूक काढ, सारण हाताक लागूच्या आधी. उकडीत साखर घालू नको, काय जणी चिमूटभर घालतत. त्या गोळ्यात जिरा नि मीठ घाल, तुपाचो हात लाव, चपट्यो निवगऱ्यो थाप आणि हळदीच्या पानार ठेवन मोदकांच्या आधी उकडून काढ. आमच्या घरात पोरांका मोदकापेक्षा निवगऱ्योच आवडतत. पयल्यो पाच गणपतीफुडे ठेव आणि मग प्रसाद म्हणान झिलाक दी. गणपती काय नको म्हणाचो नाय.

आणि तुझ्या सासूक सांग, निवगऱ्यो तिनाच करूच्यो. सुनेन केल्यान तर पथ्य, आजयेन केल्यान तर प्रसाद.

कलमवाला

माजघर आजी 🙏 हे मला चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर.

एक भर घालतो, पळी आणि ताटली वेगळी ठेवा, मोदकाच्या चाळणीत उकडू नका, सारण फुटून पाक खाली गळतो. तीर्थाचंही लक्षात ठेवा, पंचामृतात मध आणि साखर दोन्ही असतं, त्याच्या हातावर साध्या पाण्याचं तीर्थ घाला.

देवगडची_सून

काल रात्री सासूबाईंना अख्खा धागा वाचून दाखवला. जीनचं ऐकून काही बोलल्या नाहीत. आजींचं मालवणी ऐकताना मात्र हसल्या, आणि सकाळी बघते तर माळ्यावरून जुनं छोटं मोदकपात्र काढून चिंचेने घासत बसलेल्या. म्हणाल्या हे त्याचं, याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता त्यांचा एकच प्रश्न आहे, मला विचारायला सांगितलाय. निवगऱ्यांत त्या हिरवी मिरची घालतात, साडेचार वर्षांच्या मुलाला मिरचीऐवजी मिरपूड घालू का?

माजघर

मिरपूड नको गो, काळी दिसता, पोरगो बोटान उकरीत बसतलो. नुसता जिरा नि मीठ.