मदत हवी आहे: हद्दीवर पडलेली झाडं आणि पलीकडची क्राउन लँड (न्यू ब्रन्सविक, कॅनडा)

आजरेकरीण:

नमस्कार मंडळी. न्यू ब्रन्सविकमधलं, निदान अटलांटिक कॅनडातलं कुणी इथे असेल तर कृपया सवडीने वाचा. थोडं लांबलं आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही फ्रेडरिक्टनहून नदीच्या वरच्या अंगाला, मॅक्टाक्वॅक धरणाच्या पुढे राहतो. दीड वर्षापूर्वी घर घेतलं, त्याच्यामागचं नऊ एकर रानही पदरात आलं. फर, स्प्रूस, बर्च आणि उतारावर मेपल. रानाची मागची बाजू थेट क्राउन लँडला लागते. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: क्राउन म्हणजे राजा असला तरी या जमिनीचा कारभार प्रांत सरकार बघतं. आपल्याकडच्या राखीव जंगलासारखंच म्हणा. या प्रांताची जवळजवळ निम्मी जमीन अशी सरकारी आहे.

डिसेंबरच्या वादळात आमची वीज तीन दिवस गेली. इथे गावाबाहेर वीज गेली की नुसता अंधार होत नाही. घर विजेवर तापतं आणि विहिरीचा पंपही विजेवरच, त्यामुळे नळाला पाणी नाही, संडासात टाकायलाही नाही. बर्फ वितळवून पातेलंभर पाणी केलं तर तळाशी दोन बोटं मिळतं. दुसऱ्या रात्री घरात नऊ अंश होते. धाकटीला आम्ही दोघांच्या मध्ये घेऊन झोपलो. त्याच रात्री ठरलं, तळघरातला जुना लाकडाचा स्टोव्ह पुन्हा चालू करायचा. जूनमध्ये आई येतेय, पुढचा हिवाळाभर राहणार आहे. तिला त्या थंडीत बसवायचं नाही.

आता बर्फ उतरल्यावर मागे फिरून आले. हद्दीजवळ अकरा झाडं आडवी झालीत. मोठे मेपल, दोन पिवळे बर्च, बाकी फर. म्हणजे जळण दारात येऊन पडलंय! पण त्यातली काही नक्की आमची, काही नक्की पलीकडची, आणि तीन-चार अशी की बुंधा तिकडे, शेंडा इकडे. घर घेताना ज्यांनी जागा दाखवली त्यांनी झाडांना बांधलेल्या पिवळ्या फिती दाखवून "ही हद्द" म्हणून सांगितलं होतं. आता बघते तर त्या फिती कुठल्याच सरळ रेषेत नाहीत.

माझं माहेर आजऱ्याचं. आमच्या काजूच्या बागेला जंगलखात्याची हद्द लागायची आणि बाबा दगडी खांबाच्या अलीकडेच थांबायचे. पलीकडे गळून पडलेल्या फांदीलाही हात लावू द्यायचे नाहीत. आपल्या मालकीतला साग तोडायचा तरी परवानगी काढावी लागते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. त्यामुळे सरकारी रानाच्या कडेला कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं म्हटलं की माझे पाय जड होतात.

तर विचारायचं हे: हद्द पक्की कशी करायची? पलीकडचं पडलेलं झाड, जे नाहीतर कुजूनच जाणार, ते घेता येतं का? आपल्या हद्दीतली झाडं तोडायला इथे परवानगी लागते का? आणि फांद्यांचा जो ढीग साचेल तो जाळता येईल का? शेजारचे आजोबा म्हणतात, "घेऊन टाक, कोण बघतंय." मला तसं करायचं नाही.

रानवाट:

ताई, चौदा वर्षं वुडलॉट, म्हणजे स्वतःच्या मालकीचं रान, सांभाळतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याला दाद. क्राउन लँडवरचं झाड उभं असो की आडवं, ते प्रांताचं. १९८२ पासून लागू असलेल्या क्राउन लँड्स अँड फॉरेस्ट्स कायद्याखाली परवानगीशिवाय ते तोडणं किंवा उचलणं हा गुन्हा आहे आणि लाकूड जप्त होऊ शकतं. "कुजूनच जाणार" ही सबब तिथे चालत नाही. शिवाय याच कायद्याने सरकारी जंगलाचे मोठे तुकडे पाडून कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या कराराने व्यवस्थापनाला दिलेत. म्हणजे तुमच्या कुंपणापलीकडच्या झाडांवर सरकारची रॉयल्टी असते आणि एखाद्या कंपनीचा तोडीचा आराखडाही असू शकतो.

जळणासाठी मात्र सरळ रस्ता आहे. नॅचरल रिसोर्सेस खात्याच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात जा आणि घरगुती जळणाच्या परवान्याची चौकशी करा. तुमच्या हद्दीवरची पडलेली झाडं त्यात बसतात का, तेही तिथेच विचारा. फोनपेक्षा समक्ष गेलेलं बरं, नकाशा पुढ्यात ठेवून बोलता येतं.

खात्याच्या नावाने गोंधळू नका. काही वर्षं ते नॅचरल रिसोर्सेस अँड एनर्जी डेव्हलपमेंट असं एकत्र होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवं सरकार आलं आणि ऊर्जेचा विषय दुसऱ्या मंत्र्यांकडे गेला. जुन्या कागदांवर आणि इंटरनेटवर अजून जुनं नाव दिसतं. जंगल, खनिजं, मासेमारी, शिकार, वणवा हे सगळं नॅचरल रिसोर्सेसकडे. विजेची तक्रार तिथे घेऊन गेलात तर हेलपाटा होईल.

हद्दीचं. तुमच्या खरेदीखतावर आठ आकडी पीआयडी असेल, सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा. तो जिओएनबीच्या, म्हणजे प्रांताच्या इंटरनेटवरच्या, नकाशात टाकला की तुमच्या जागेची आकृती दिसते. पण ती रेष अंदाजापुरती. हवाई फोटोवर ती पाच-सात मीटर इकडे-तिकडे पडलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि तुमचा सगळा वाद तेवढ्याच पट्ट्यातला आहे. सर्व्हिस न्यू ब्रन्सविक म्हणजे जमिनीची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नोंदणीतून तुमच्या जागेचा मोजणी नकाशा निघतो का बघा. निघाला तर त्यात कोपऱ्यावरच्या लोखंडी पिना आणि त्यांच्यातली अंतरं दिलेली असतात. पिना शोधा. जुन्या झाडांवर सालीत भरून आलेल्या कुऱ्हाडीच्या खुणाही दिसतील, त्याही रेष सांगतात. नाहीच सापडल्या तर सर्व्हेयर बोलवा. महाग पडतो, पण आपल्याकडे मोजणी आणतात तसंच ते, एकदा केलं की पिढीभर वाद नाही. पिवळ्या फितीवर अजिबात विसंबू नका. फीत कुणीही बांधतं, कधी हरणाच्या शिकारीची वाट लक्षात राहावी म्हणूनही.

तुमच्या स्वतःच्या नऊ एकरातलं झाड घरच्या जळणासाठी तोडायला खात्याची परवानगी लागत नाही. आपल्याकडची सवय असलेल्याला हे पटकन पचत नाही, मलाही पचलं नव्हतं. लाकूड गिरणीला विकायचं झालं तर मात्र तुमच्या भागाच्या मार्केटिंग बोर्डाशी बोला. खासगी रानमालकांसाठी प्रांतात अशी सात बोर्डं आहेत.

ओढ्याकाठी:

रानवाट यांनी सगळं छान लिहिलंय, फक्त एक राहिलं. ताई, उतारावर मेपल म्हणताय, खाली ओढा किंवा पाणथळ आहे का? असेल तर त्याच्या ३० मीटरच्या आत झाडं तोडणं, माती हलवणं, यंत्र नेणं यासाठी वेगळा परवाना लागतो. तो पर्यावरण खात्याकडून मिळतो, नॅचरल रिसोर्सेसकडून नाही. जागा तुमची असली तरीही. आमच्या ओळखीत एकांनी ट्रॅक्टर ओढ्यातून नेला आणि नंतर सगळा काठ पूर्ववत करून द्यावा लागला.

मिरामिशीकर:

फांद्यांच्या ढिगाबद्दल मी लिहितो, कारण गेल्या ऑगस्टात आम्ही जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नव्हताच. मिरामिशीजवळ ओल्ड फील्ड रोडला वणवा लागला, मग मंक्टनच्या उत्तरेला आयरिशटाउनकडे दुसरा. आमच्या अंगणात उभं राहिलं की सूर्य दुपारी तीनला केशरी दिसायचा, गाडीच्या काचेवर पांढरी राख. शेवटी सरकारने क्राउन लँड लोकांसाठी बंदच केली. फिरायला, मासे पकडायला, ब्लूबेरी काढायला, कशालाच जायचं नाही. शेजारच्या नोव्हा स्कॉशियात तर जंगलात पाऊल टाकलं तर २५,००० डॉलर दंड होता. काही लोकांना ते अति वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या रस्त्यावरच्या दोन घरांनी महत्त्वाचे कागद पिशवीत भरून दाराशी ठेवले होते.

म्हणून सांगतो, एप्रिलचा तिसरा सोमवार ते ३१ ऑक्टोबर हा इथला वणव्याचा हंगाम. या काळात काडी ओढण्याआधी त्या दिवशी तुमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जाळायला मुभा आहे का ते खात्याच्या फायर वॉचच्या पानावर किंवा फोनवर बघायचंच. कधी पूर्ण बंदी असते, कधी फक्त रात्री ८ ते सकाळी ८ मुभा असते. मोठा ढीग जाळायचा तर नुसतं पान बघून भागत नाही, खात्याकडे विचारावं लागतं. आणि गावाचे नियम वेगळे असतात, तेही बघा. बर्फ उतरल्यानंतरचे हे दोन-तीन आठवडे सगळ्यात फसवे. जमीन ओली दिसते, पण वरचं गेल्या वर्षीचं गवत कागदासारखं कोरडं असतं. माझं मत विचाराल तर जाळूच नका. फांद्या रानातच पसरून ठेवा, दोन-चार वर्षांत माती होतात.

चूलबंद:

आजरेकरीण ताई, स्टोव्ह पेटवण्याआधी त्याची वेट तपासणी करून घ्या. वेट हा लाकडी चुली आणि धुराडी तपासायच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम, ते प्रशिक्षण घेतलेला माणूस येऊन तपासतो. विमा कंपनीला आधी कळवा, बहुतेक कंपन्या हा दाखला मागतातच. न कळवता स्टोव्ह चालवलात आणि काही झालं तर विमा हात वर करेल. धुराड्यात आतून काळा, डांबरासारखा थर बसलेला असतो, क्रिओसोट म्हणतात त्याला. तो पेटला की धुराड्यातून जेट विमानासारखा आवाज येतो. आमच्याकडे एकदा झालंय, देव करो आणि तुमच्याकडे न होवो.

हा थर ओल्या लाकडाने वाढतो. आत्ता पडलेलं मेपल या हिवाळ्यात जाळायचं तर आजच कापून, फोडून, वारा लागेल असं रचा. रचताना साल वर करा आणि फक्त माथ्यावर झाका, बाजू उघड्या ठेवा. जळताना लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते टोचताना ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला टोचा. फर लवकर वाळतं, मेपलला खरं तर दोन उन्हाळे हवेत. म्हणून या वर्षापुरतं थोडं वाळलेलं जळण विकत घ्या. ते कॉर्डने मिळतं: चार फूट रुंद, चार उंच, आठ लांब, म्हणजे १२८ घनफूट. विकणाऱ्याला "पूर्ण कॉर्ड का?" असं स्पष्ट विचारा, कारण काहीजण त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही कॉर्डच म्हणतात.

आणि घराचं एकूण उत्पन्न ७०,००० डॉलरच्या आत असेल तर हीट पंप आणि इन्सुलेशन फुकटात बसवून देणारी सरकारी योजना आहे, ती सध्या चालू आहे का तेही बघा. वीज गेल्यावर त्याचा उपयोग नाही, पण एरवीचं बिल उतरतं.

रानवाट:

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वादळात पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचं. दुसऱ्याच्या फांदीत अडकून लटकलेलं असेल तर त्याच्याखाली जायचंही नाही. आणि मोठ्या खोडाखाली एखादं पोरगेलं झाड धनुष्यासारखं वाकून दबलेलं असेल तर त्यावर करवत लावली की ते सुटून तोंडावर येतं. यूट्यूब बघून हे करू नका. पहिली तोड जाणत्या माणसाकडून करून घ्या, ओंडके पाडणं आणि फोडणं तुम्ही करा.

आजरेकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितेय, कारण काही तरी करूनच लिहायचं होतं.

मोजणी नकाशा मिळाला, १९७४ चा. त्यावरून शनिवारी आम्ही दोघं आणि थोरला टेप घेऊन गेलो. पहिला कोपरा रस्त्याजवळ लगेच सापडला. मागचा कोपरा दोन तास सापडेना. शेवटी थोरल्याने एका कुजक्या बुंध्याजवळचं शेवाळ पायाने सरकवलं आणि ठक्क वाजलं. गंजून तपकिरी झालेली चौकोनी सळई, जेमतेम चार बोटं वर. शेजारच्या जुन्या स्प्रूसवर तीन खुणा, सालीने ओठ मिटावेत तशा मिटत आलेल्या. मी तिथेच खाली बसले. बाबांना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, "खांब सापडला ना, मग झालं."

दोन पिनांमध्ये दोरी ताणली. अकरापैकी सहा झाडं पूर्ण आमची, तीन पलीकडची, दोन रेषेवर. पिवळ्या फिती काही ठिकाणी नऊ मीटर आत सरकारी जागेत होत्या! शेजारच्या आजोबांचं ऐकलं असतं तर सगळ्यात मोठा मेपल चोरीचा ठरला असता.

सोमवारी कार्यालयात जाऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी नकाशा पसरून शांतपणे सगळं समजून घेतलं. पलीकडच्या तिघांना हात लावायचा नाही, आणि रेषेवरच्या दोघांकडे त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत थांबायचं. मी थांबणार आहे. ओढा खाली आहे, पण मोजून बघितलं, आमच्या सहा झाडांपासून ६० मीटरच्या पुढे. स्टोव्हच्या तपासणीची तारीख मिळाली आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. फांद्या पसरून ठेवणार, जाळणार नाही. मिरामिशीकर, तुमचा प्रतिसाद मी मुलांनाही वाचून दाखवला.

आता शेवटचं. सहा झाडांचे ओंडके होतील, पण फोडायचं यंत्र भाड्याने मिळतंय ते दिवसाच्या दराने, आणि आमचा वेग बघता पाच-सहा दिवस लागतील. फ्रेडरिक्टनच्या आसपास कुणाकडे स्प्लिटर आहे का, जो शनिवार-रविवार वापरायला मिळेल?

रानवाट:

माझा आहे, २७ टन जोराचा. मेच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत माझं काम उरकतं, त्यानंतर घेऊन जा. ट्रेलरचा हूक दोन इंची लागेल, गाडीला आहे का ते निरोपात कळवा. भाडं नको. आई आल्या की एकदा घावन खायला बोलवा.