चॅफच्या गुठळ्या का राहतात?

ऐरोलीकर: सेमिनारसाठी विचारतोय. विमानातून सुटलेला चॅफ (रडारला चकवायला सोडतात ते बारीक तंतू) कधी कधी नीट पसरत का नाही?

घोडबंदरवाला: स्क्विब (नळीतला छोटा स्फोटक) पेटला की वायूचा दाब पिस्टन ढकलतो, टोकाचं झाकण उडतं, पुढचं काम हवेच्या झोताचं. तंतू म्हणजे ॲल्युमिनियम चढवलेली काच, जाडी साधारण 25 मायक्रॉन. कापताना पातं बोथट असेल तर टोकंच एकमेकांना चिकटतात, मग गुठळी म्हणजे ‘घरटं’ होतं. म्हणून तंतूंवर स्टिअरिक आम्लाचा निसरडा थर देतात. तंतूची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी: 10 गिगाहर्ट्झला जेमतेम दीड सेंटीमीटर.

वाशीचा पक्या: ढग झाला म्हणजे सुटलो असं नाही हं! तंतूंचा वेग लगेच मरतो, वेगावरून लक्ष्य ओळखणारं डॉप्लर रडार त्यांना गाळून टाकतं. वैमानिकाला सोबत रडारला काटकोनात वळावंच लागतं, म्हणजे रडारच्या दिशेने विमानाचाही वेग दिसत नाही.