अनुभव धागा: मुलांच्या सुरक्षिततेसाठी जाहिरातींवर बंदी हवी का?

बालविकास, अ‍ॅपनिर्मिती, कायदा, तक्रारनिवारण यांत काम करणाऱ्यांनी इथे जरूर लिहावं. बंदी हवी की नको एवढ्यावर थांबू नका. कशावर हवी आणि घातली तर ती कुठून गळते, तेही सांगा.

अक्षरवेल
चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कार्यक्रम कुठे संपला नि जाहिरात कुठे सुरू झाली, हेच नीट उमगत नाही. समोरचा आपल्याला काहीतरी विकतोय हे साधारण सात-आठच्या पुढे कळू लागतं. म्हणून ‘अनुकरण करू नका’ ही तळाची बारीक ओळ निरुपयोगी आहे. ज्याला जपायचं, त्याला ती वाचताच येत नाही. धोक्याची कृती दृश्यातूनच काढायला हवी: काडेपेटीशी खेळणं, खिडकीबाहेर झुकणं, अनोळखी माणसाशी बोलायला जाणं. भारतात अ‍ॅस्की या जाहिरात उद्योगाच्या संस्थेच्या संहितेत हे तिन्ही आहे, पण ती स्वनियमनाची संहिता आहे, कायदा नव्हे.

निळी रेघ
गेममध्ये भलती जाहिरात दिसली की सगळे जाहिरातदाराला धरतात. चूक बरेचदा अ‍ॅप बनवणाऱ्याची असते. अ‍ॅडमॉबमध्ये, म्हणजे अ‍ॅपमध्ये जाहिराती पुरवणाऱ्या गूगलच्या सेवेत, मजकुराच्या चार पायऱ्या आहेत: जी (सगळ्यांसाठी), पीजी (पालकांच्या देखरेखीत), टी (किशोरांसाठी), एमए (प्रौढांसाठी). मुलांच्या अ‍ॅपला कमाल मर्यादा ‘जी’ ठेवायची आणि जाहिरातीच्या प्रत्येक विनंतीसोबत ‘हे अ‍ॅप मुलांसाठी’ ही खूण पाठवायची. घोळ होतो तो मेडिएशनमध्ये, म्हणजे एकाच अ‍ॅपमध्ये अनेक जाहिरात नेटवर्ककडून जाहिराती आणण्याच्या व्यवस्थेत. मागे आणखी तीन-चार नेटवर्क जोडलेली असतात आणि त्यांतल्या काहींना ही खूण वेगळी द्यावी लागते. ती राहिली, की तिथून मोठ्यांच्या जाहिराती येतात. म्हणून प्रत्येक नेटवर्क एकटं चालू ठेवून तपासा.

जाहिरात बंद करायच्या फुलीकडेही बघा. स्पर्शाची जागा 48 डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) लहान असेल तर बोट जाहिरातीवरच पडतं. मुलांच्या अ‍ॅपमध्ये खेळ अडवणारी जाहिरात 5 सेकंदांनी बंद करता आली पाहिजे, असं प्ले स्टोअरचं धोरण आहे.

कलमदान
माझं मत स्पष्ट आहे: बंदी हवी, पण तिची व्याख्या घट्ट हवी. स्वीडनने 1991 पासून 12 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला मनाई केली. पण दुसऱ्या देशातून प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला हा नियम लावता येत नाही, असं युरोपीय न्यायालयाने 1997 मध्ये ठरवलं. बंदीला इथेच भगदाड पडलं.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1980 पासून 13 वर्षांखालच्यांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंदी आहे आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती 1989 मध्ये वैध ठरवली. तिथे तीन गोष्टी पाहतात: वस्तू कोणासाठी, मांडणी कशी, दाखवली कधी नि कुठे. ही कसोटी मला सगळ्यांत कामाची वाटते, कारण ‘आम्ही तर पालकांशी बोलत होतो’ ही पळवाट तिच्यापुढे सहज टिकत नाही.

वस्तूच धोक्याची असेल तर सरसकट बंदी सोपी. भारताच्या 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पर्यायांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात बंद केली. तरी मोठ्या मुलांच्या दुधाच्या डब्याला तसाच रंग, तसंच चित्र दिलं की बंदी असलेल्या डब्याचीही आपोआप ओळख होते. वेष्टनाचं साम्यही नियमात यायला हवं.

अक्षरवेल
@कलमदान, मुलं ऑनलाइन काय करतात यावर पाळत ठेवून दाखवलेल्या जाहिरातींचं काय?

कलमदान
युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याचं कलम 28 अल्पवयीनांना प्रोफाइलवरून, म्हणजे त्यांच्याबद्दल गोळा केलेल्या माहितीवरून, जाहिरात दाखवायला मनाई करतं. भारताच्या 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही कलम 9 मध्ये 18 वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे. मात्र वय खोटं टाकलं की दोन्ही लंगडे पडतात.

पाऊलखूण
तक्रार फेटाळली जाते ती बहुधा अपुऱ्या पुराव्यामुळे. नुसता स्क्रीनशॉट नको, फुली दिसेपर्यंतचं पूर्ण स्क्रीन रेकॉर्डिंग हवं. सोबत तारीख, वेळ, अ‍ॅपचं नाव नि आवृत्ती, जाहिरातदाराचं नाव आणि फोनवरचं खातं मुलाचं की मोठ्याचं, हे लिहा. जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या ‘आय’च्या खुणेवर दाबलं की ती का दिसली याची माहिती बरेचदा मिळते. तेही टिपून घ्या आणि हे सगळं जाहिरात बंद करण्याआधी करा, कारण तीच जाहिरात पुन्हा समोर येईल याची खात्री नसते.