‘द जेटसन्स’मधला विनोद आज का खटकतो?

प्रश्न: १९६२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द जेटसन्स’ या भविष्यातल्या कुटुंबावरील कार्टूनमधील, त्या घरातली आई जेन गाडी चालवायला शिकते तो भाग पुन्हा पाहिला. गाड्या हवेत उडू लागल्या तरी बायकांना त्या चालवता येत नाहीत, हाच विनोद भागभर का ताणला असावा?

उत्तर १: कथा २०६२ची असली तरी प्रेक्षक १९६२चे होते. शीर्षकदृश्यच पाहा: जेनचा नवरा जॉर्ज पाकिटातून नोट काढून पुढे करतो आणि जेन ती सोडून पाकीटच उचलते.

उत्तर २: सहमत, मात्र दिवसभर बटण दाबून थकणाऱ्या जॉर्जची थट्टा मला अजूनही ताजी वाटते.

उत्तर ३: आणि रोझी? यंत्रमानव असूनही तिला मोलकरणीचा एप्रन बांधलाच!