पोहे झाले, आता मिलिसेकंद मोजायचे का?

जुळे_सोलापूरवाला
परवा भाचीला बघायला मुलगा आला होता, पुण्याहून. पोहे झाले, जाताना शेंगाचटणीचं पुडकं दिलं, आणि संध्याकाळी दोन्हीकडून एकच उत्तर: "तसं चांगलंय." या उत्तराचं काय करायचं?

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मानसशास्त्रज्ञ मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. अमेरिकेतली १३५ नवविवाहित जोडपी. पडद्यावर जोडीदाराचा फोटो फक्त ३०० मिलिसेकंद दाखवायचा, पाठोपाठ एक शब्द, आणि तो चांगला की वाईट हे बटण दाबून सांगायचं. मनात ओढ असेल तर चांगल्या शब्दाला बोट पटकन पडतं, वाईट शब्दाला रेंगाळतं. मग चार वर्षं त्यांना संसाराबद्दल विचारत राहिले. समाधान पुढे किती घटणार, याचा अंदाज सुरुवातीला तोंडानं सांगितलेल्या मतावरून लागला नाही, बोटांवरून लागला. मग स्थळ बघताना हे वापरलं तर बिघडलं कुठं?

तुटका_धागा
अक्कलकोट रोडला मागावर धागे जोडण्यात वीस वर्षं गेली माझी. बोटं लई पटपट चालतात. मग मी काय सगळ्यांच्याच प्रेमात पडलोय का बे?

जुळे_सोलापूरवाला
तुमचा वेग दुसऱ्याशी ताडून बघतच नाहीत. तुमच्याच दोन वेळांतला फरक काढतात. नेदरलँड्सच्या डॉन्डर्स या शास्त्रज्ञानं १८६८ मध्येच ही वजाबाकी मांडली होती: अवघड कामाच्या वेळातून सोप्या कामाचा वेळ वजा करा, उरेल तो मनाला लागलेला जादा वेळ.

पूर्वभागातली
आमच्या घरात तेलुगू, शाळा मराठी, ऑफिसात इंग्रजी. "जिव्हाळा" वाचून अर्थ डोक्यात उतरेपर्यंत बोट रेंगाळणारच. चांगले शब्द अवघड न् वाईट सोपे निघाले, तर सासरच्यांना वाटायचं मुलीला मुलगा आवडला नाही.

जुळे_सोलापूरवाला
ताई, तेच शब्द दुसऱ्या चेहऱ्यांनंतरही दाखवता येतात. मग शब्दांचा दोष दोन्हीकडे सारखाच.

मास्तरीणबाई
मी मानसशास्त्र शिकवते. वजाबाकीचं मामांचं बरोबर आहे, पण वापर साफ चुकतोय. एक तर ती जोडपी आधीच एकत्र राहत होती. वीस मिनिटं समोर बसलेल्या परक्याचा चेहरा बघून बोट थबकलं, तर ते ओढीनं की संकोचानं, कसं सांगणार? दुसरं, अशा वेळेवरच्या चाचण्या त्याच माणसानं पुन्हा दिल्या की आकडा बराच हलतो. शेकडो लोकांच्या सरासरीत कल दिसतो. एका मुलीचा निकाल त्यातून लागत नाही. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या काट्यावर मंगळसूत्र तोलाल का?

शिवाय आकर्षण मोजायची दुसरी एक पद्धत आहे, माणूस कुठल्या फोटोवर किती वेळ रेंगाळतो हे बघायची. तिथं उशीर म्हणजे आवड!

जुळे_सोलापूरवाला
प्रश्न वेगळा, म्हणून उत्तराची दिशा वेगळी. आणि बाई, पत्रिकेच्या ३६ गुणांना कुणी हे प्रश्न विचारलेत का? त्या काट्यावर बिनधास्त तोलता की सगळे.

मास्तरीणबाई
आमच्या घरात नाही तोलत. पण मुद्दा मान्य. उद्या नकार देताना लोक "विज्ञानानंच सांगितलं" म्हणतील, याची मला जास्त भीती आहे.

पूर्वभागातली
दर जानेवारीत सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नात अक्षता टाकायला आपण गर्दी करतो. तिथं सम्मती, म्हणजे लग्नाची संमतीवचनं, सगळ्यांदेखत वाचतात, बटणं दाबून घेत नाहीत. भाचीला कुणी विचारलंय का?

जुळे_सोलापूरवाला
आत्ताच विचारलं. म्हणाली, "मामा, त्याचा मेसेज लगेच बघते, पण मुद्दाम दहा मिनिटं थांबून उत्तर देते."

तुटका_धागा
घाला की मग ही दहा मिनिटं तुमच्या वजाबाकीत.