फ्रीझरमधला खाऊ पाच मिनिटांत फस्त, शिवाय द्राक्षं चालतील का?

सिडकोकर: आठ महिन्यांची लॅब (लॅब्रॅडॉर कुत्री), वजन 24 किलो. पोकळ रबरी खेळण्यात ताक-भात भरून गोठवतो. अर्धं ताक खालच्या भोकातून गळतं, उरलेलं ती लगेच संपवते. निफाडहून द्राक्षांची पेटी आलीय, त्यातली दोन-चार घालू का?

गोदाकाठ: एकही नको! द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. गोठवून विष जात नाही. टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं, म्हणून चिंचही बाद. कांदा-लसूण असलेला रस्साही नको. चुकून द्राक्षं खाल्लीच तर उलटीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

रबरी_खेळणी: ताक म्हणजे बहुतेक पाणीच, उन्हाळ्यात ते टिकणार कसं? एक वाटी रोजचं कोरडं खाद्य पाऊण वाटी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा. दोन चमचे उकडलेला लाल भोपळा आणि एक चमचा बिनसाखरेचा चक्का घालून घट्ट कालवा. खालच्या भोकात पीनट बटर दाबा, खेळणं पेल्यात उभं करून भरा, वर बोटभर जागा सोडा. रात्रभर गोठवा. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवलं की लवकर गोठतं.

भोक गाजराच्या तुकड्याने बंद करू नका, तो अडकून बसतो. हवेला वाट नसली तर चाटताना आत पोकळी तयार होते आणि जीभ अडकते. एकच भोक असलेली स्वस्त खेळणी म्हणूनच नकोत.

पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) नाही ना, हे वाचा. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन उतरते. त्यापेक्षा भाजलेले, सोललेले शेंगदाणे मिक्सरमधून काढा, मीठ-गूळ न घालता.

सिडकोकर: आणि चिकनच्या पाण्याचे बर्फाचे खडे?

गोदाकाठ: चावणाऱ्या कुत्र्याला मोठे खडे नकोत, दाढेचा कपचा उडतो. तेच पाणी चाटायच्या रबरी चटईवर पातळ थरात गोठवा. मांजरालाही हे चालतं, दूध मात्र बहुतेकींना पचत नाही.

रबरी_खेळणी: एक राहिलं: वाटीभर खाद्य आत गेलं तर जेवणातून तेवढं कमी करा, लॅब सुटायला वेळ लागत नाही. पहिले काही दिवस तासभरच गोठवा, फार कडक लागलं तर ती नादच सोडेल. तासाभरात उरलेलं फेकून द्या आणि खेळणं बाटलीच्या ब्रशने आतून घासा. चक्का तळाशी चिकटून बुरशी धरतो.